एकट्याचे वऱ्हाड आणि तालुक्याचे गाव

मुंबई–आग्रा महामार्ग चांदवडला लागून जातो. रेणुकामातेच्या डोंगराखालच्या या रस्त्याने कांद्याचे ट्रक जातात, द्राक्षांच्या गाड्या जातात आणि अधूनमधून नेपथ्याचे सामान वर बांधलेली एखाद्या नाटक मंडळींची बसही धुळे-जळगावकडे जाते. ती चांदवडला थांबली तर चहापुरती थांबते. गावात महाविद्यालये आहेत, शाळा आहेत, कचेऱ्या आहेत, नाटके वाचणारे शिक्षक आहेत आणि स्नेहसंमेलनात नाटके करणारे विद्यार्थी आहेत. तरीही व्यावसायिक रंगभूमीच्या लेखी हे गाव केवळ वाटेवरचे गाव आहे. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणांची स्थिती याहून निराळी नाही.

यात नाटकवाल्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण प्रश्न रसिकतेचा नसून हिशेबाचा आहे. दहा-बारा नट, तंत्रज्ञ, नेपथ्य, गाडीचे भाडे, मुक्काम आणि जेवणखाण एवढा खर्च एका रात्रीच्या तिकीटविक्रीतून निघावा लागतो. तो निघायचा तर मोठे, बांधीव नाट्यगृह आणि भरलेल्या खुर्च्या हव्यात. चांदवडच्या माणसाला तसे नाट्यगृह हवे असेल तर साठ-पासष्ट किलोमीटरवरचे नाशिकचे कालिदास कलामंदिर गाठावे लागते. म्हणजे तिकिटाच्या किमतीत जाण्यायेण्याचे भाडे मिळवायचे आणि प्रयोग संपल्यावर परतीची गाडी मिळेल की नाही ही काळजी तीन तास उराशी बाळगायची. कारकुनाच्या चार माणसांच्या कुटुंबाला ही करमणूक वर्षातून एकदाही परवडू नये, यात नवल ते काय?

या हिशेबाला ज्या कलावंतांच्या कामातून एक उत्तर मिळाले, त्यांत लक्ष्मण देशपांडे यांचे नाव फार वर घ्यावे लागेल. डिसेंबर १९४३ मध्ये जन्मलेले देशपांडे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे त्या विभागाचे प्रमुखही झाले. पेशाने अध्यापक असलेल्या या गृहस्थाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग उभा केला. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि रंगमंचावर दिसणारा एकमेव नटही तेच. मराठवाड्यातील एका खेड्यातले कुटुंब लग्नासाठी थेट लंडनला निघते, एवढेच त्याचे कथासूत्र. या सूत्रावर देशपांडे सुमारे तीन तासांत बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत. म्हातारी माणसे, पोरेसोरे, बायाबापड्या, शिकलेले, अडाणी, गावचे आणि परदेशचे अशी सारी माणसे त्या एकाच देहातून बोलत. या प्रयोगाची नोंद गिनेस बुकातही झाली. दोन हजारांहून अधिक प्रयोग करून, परदेशांतील मराठी प्रेक्षकांनाही हसवून, २२ फेब्रुवारी २००९ रोजी वयाच्या पासष्टाव्या वर्षी हा नट निवर्तला.

हे चरित्र इतक्या थोडक्यात सांगता येते, याचे कारण या माणसाचे आयुष्य बव्हंशी एकाच कृतीत गुंतलेले होते. एका प्रयोगाच्या बळावर मिळालेली कीर्ती पुष्कळांना उपरी वाटते. परंतु एकाच खेड्यातील माणसांकडे तीन दशके पाहत राहणे, त्यांचे बोलणे शिळे होऊ न देणे आणि दर रात्री ती पुन्हा पहिल्यांदा भेटल्यासारखी उभी करणे, ही तपश्चर्या थोडकी नव्हे.

नकला करणे आणि पात्र उभे करणे यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. नकलाकार एखाद्या प्रसिद्ध माणसाचा आवाज काढतो. मूळ माणूस प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो आणि साम्य पटले की हशा होतो. पात्र रंगवणारा विनोदी नट ज्याला कोणी ओळखत नाही असा माणूस समोर आणतो आणि पाचच मिनिटांत प्रेक्षकाला ‘हा तर आमच्या गल्लीतला’ असे वाटायला लावतो. पहिल्याचे भांडवल दुसऱ्याची प्रसिद्धी हे असते, तर दुसऱ्याचे भांडवल स्वतःचे निरीक्षण. देशपांडे दुसऱ्या जातीचे होते.

ही जात मराठीत नवी नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून जोशी, गोंधळी, वासुदेव अशा किती तरी जणांच्या तोंडून परमार्थ सांगितला. एकाच कीर्तनकाराने कथा सांगता सांगता राजा, दासी आणि देव यांचे आवाज काढावेत, ही गोष्ट आपल्या देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गावोगाव सोंगे घेऊन फिरणारा बहुरूपी, तमाशातला सोंगाड्या हीदेखील याच कुळातली माणसे. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली, तेव्हा या जुन्या कुळाला शहरी मध्यमवर्गाचे घर मिळाले. लक्ष्मण देशपांडे यांनी तेच घर पुन्हा खेड्यात नेले. इंग्लंडमध्येही हा कलाप्रकार प्रतिष्ठित आहे. चार्ल्स डिकन्स आपल्या कादंबऱ्यांतील पात्रे स्वतःच्या आवाजात उभी करून गावोगाव तिकिटे लावून वाचन करी, आणि विसाव्या शतकात जॉइस ग्रेनफेल या विनोदी अभिनेत्रीने बालवर्गातील शिक्षिकेपासून अनेक स्त्रिया एकटीने रंगवल्या. डिकन्सची प्रकृती या वाचनांच्या दगदगीने खालावली, हेही येथे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. त्याचा संबंध पुढे येईल.

आता पुन्हा हिशेबाकडे वळू. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे सोपे आहे. कापडाच्या गिरणीत यंत्र सुधारले की त्याच कामगाराच्या हातून दुप्पट कापड निघते आणि त्याची मजुरी वाढली तरी कापड महाग करावे लागत नाही. नाटकाचे तसे नाही. देवलांच्या ‘शारदे’चा १८९९ मध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा तिला जितकी माणसे आणि जितके तास लागत, तितकीच ती आजही लागतील. वल्लरीचे किंवा कोदंडाचे काम दुप्पट वेगाने उरकून चालणार नाही. इतर उद्योगांत मजुरी वाढली की नटालाही ती द्यावी लागते, उत्पादकता मात्र तेथेच राहते. परिणामी नाटकाचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेने सतत वाढत जातो. तो तिकिटावर टाकला तर प्रेक्षक तुटतो. न टाकला तर मंडळी तुटते. मग मंडळी मोठ्या शहरांतच राहतात आणि गावे वाटेवरची उरतात. चांदवडला बस का थांबत नाही, याचे शास्त्रशुद्ध उत्तर या ग्रंथात आहे.

एकपात्री प्रयोग या नियमाला मोडत नाही. त्यालाही तीन तास लागतातच. पण तो नियमातील एक अंक बदलतो. समजा, दहा नटांच्या नाटकाला तीन तासांत तीस मनुष्य-तास लागतात. एकपात्री प्रयोगाला तीनच लागतात. नेपथ्य जवळजवळ नाही, बस नाही, मुक्कामाला एक खोली पुरे. अशा प्रयोगाचा खर्च शाळेच्या सभागृहात बसलेली दोन-तीनशे माणसे उचलू शकतात. म्हणजे जे नाटक जिल्ह्याच्या शहराखाली उतरू शकत नव्हते, ते तालुक्यापर्यंत येण्याची शक्यता निर्माण होते. काही टीकाकार एकपात्रीला गरिबाचे नाटक म्हणून नाक मुरडतात. हे नाटक गरिबाचे असेल, पण गरीब नाही. रिकाम्या रंगमंचावर बावन्न माणसांचा राबता दिसू लागतो तेव्हा नेपथ्याची उणीव प्रेक्षकाची कल्पनाशक्ती भरून काढते, आणि त्या श्रमाचे बिल कोणाला द्यावे लागत नाही.

देशपांडे यांच्या कामाचा दुसरा हिशेब भाषेचा आहे, आणि तो चांदवडला अधिक जवळचा आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. निजामाच्या काळात कारभार उर्दूचा होता. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. स्वतःचे विद्यापीठ मराठवाड्याला मिळाले ते १९५८ मध्ये. त्यामुळे ‘मी जायलो’, ‘तो करायला’ असे बोलणारा, उर्दू शब्द सहज वापरणारा मुलगा पुण्या-मुंबईच्या मुलाखतीस गेला की त्याच्या ज्ञानाआधी त्याच्या उच्चारांची परीक्षा होई. अशा बोलीला रंगमंचावर जागा असे ती गड्याच्या किंवा शिपायाच्या तोंडी, चार वाक्यांपुरती. ‘वऱ्हाड’मध्ये ती बोली तीन तास मालकिणीसारखी वावरली. तिच्यातून लोक हसले, रडले, भांडले आणि मुलीची पाठवणीही तिच्यातच झाली असती तरी शोभली असती, असे प्रेक्षकाला वाटले. एका विद्यापीठाच्या प्राध्यापकाने ती बोली रंगमंचावर आणली, ही गोष्ट तिच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने लहान नव्हती.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येणार नाही. शहरातील प्रेक्षक या खेडुतांबरोबर हसतो की त्यांना हसतो? विमानात गोंधळणारे वऱ्हाड पाहून ज्याने शेकडो वेळा विमानप्रवास केला आहे त्याला स्वतःच्या थोरपणाचे समाधान मिळत असेल, तर बोलीची प्रतिष्ठा वाढली की करमणुकीचे एक नवे गिऱ्हाईक तिला मिळाले? आक्षेपात तथ्य आहे. कोणत्याही सभागृहात असे हसणारे चार लोक असणारच. पण विनोदाची कसोटी प्रेक्षकांपैकी सर्वांत हलक्या माणसाच्या हसण्यावर लावता येत नाही. ज्यांच्यावर विनोद केला आहे त्यांना तो कसा वाटला, ही खरी कसोटी होय. ‘वऱ्हाड’ मराठवाड्यातील माणसांनी डोक्यावर घेतले. जी माणसे स्वतःचीच फजिती तिकीट काढून पुन्हा पुन्हा पाहायला येतात, त्यांना तेथे अपमान नव्हे, ओळख मिळत असली पाहिजे. आणि फजिती एकट्या खेड्याची होत नाही. खेडे लंडनला पोहोचते तेव्हा लंडनही थोडे विचित्र दिसू लागते.

चांदवडच्या परिसरात हा प्रश्न आजही जिवंत आहे. मालेगाव-बागलाणच्या अंगाने येथे अहिराणी ऐकू येते, तर दक्षिणेकडे देशावरची बोली. घरात ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकात शिरला की जीभ आवरून धरतो. तोंडी परीक्षेला तो गप्प राहतो ते पुष्कळदा अज्ञानामुळे नव्हे, तर चुकीच्या उच्चाराच्या धास्तीने. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही; नोकरीचा अर्ज, न्यायालयाचा कागद आणि शास्त्राचे पुस्तक तिच्यातच असते. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरीची लाज वाटलीच पाहिजे, हा नियम कोणी केला? शेजारच्या मालेगावात हातमाग-यंत्रमागाच्या वस्तीतील हौशी मंडळींनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’सारखा विडंबनपट आपल्याच बोलण्याच्या ढंगात काढला आणि जगाने त्याची दखल घेतली. पैसा नव्हता, यंत्रे साधी होती. आपल्या बोलण्याची लाज मात्र नव्हती. देशपांडे यांचा धडा याहून वेगळा नाही.

मग या कलेत उणे काही नाही काय? आहे, आणि ते गंभीर आहे. नाटक मंडळी ही संस्था असते. एक नट आजारी पडला तर दुसरा उभा राहतो. एकपात्री कलावंताचे सारे भांडवल त्याच्या देहात असते. गिरणीमालक यंत्राच्या झिजेसाठी दरवर्षी रक्कम बाजूला ठेवतो. गळ्याच्या आणि श्वासाच्या झिजेसाठी कोण ठेवतो? डिकन्सचा संदर्भ येथे लागतो. विद्यापीठाच्या पगाराची नोकरी असल्यामुळे देशपांडे यांना मिळालेले स्थैर्य तमाशातल्या सोंगाड्याच्या किंवा फिरत्या बहुरूप्याच्या वाट्याला कधी येत नाही. शिवाय कलावंत गेला की कलाकृतीही जाण्याचा धोका असतो. ‘वऱ्हाड’च्या बाबतीत सुदैवाने तसे झाले नाही. मराठवाड्यातलेच नट संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला आणि एकपात्री नाटकही एका देहातून दुसऱ्या देहात जाऊ शकते हे दाखवून दिले. पण सुदैव ही व्यवस्था नव्हे.

आणि येथेच तालुक्याच्या गावाची जबाबदारी सुरू होते. खर्च कमी झाला म्हणून प्रयोग आपोआप येत नाही. उरलेला खर्च कोणी तरी द्यावाच लागतो. आज लहान गावांतील बहुतेक करमणूक फुकट झाली आहे. गणेशोत्सव, जयंती, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला की मांडव पडतो आणि प्रेक्षक खुर्चीवर पाहुणा म्हणून येऊन बसतो. पैसे यजमानाने दिलेले असतात. अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते. किंमत फक्त दुसऱ्या खिशातून दिली जाते. विनोदाच्या बाबतीत ती फार जबर असते, कारण ज्याने सुपारी दिली त्याच्यावर विनोद करता येत नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या यजमानाकडे पाहून कलावंत चार वाक्ये गिळतो आणि उरलेली करमणूक गावाला वाटून टाकतो.

तमाशाच्या व्यवसायाला हा भेद जुना आहे. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी देऊन तारखा ठरवतात. दुसरीकडे कनातीत तिकीट लावून होणारे खेळही असतात. तिकिटाच्या खेळात सोंगाड्याचा मालक एकच, समोरचा प्रेक्षक. त्याला खेळ आवडला नाही तर तो उद्या येत नाही. आवडला तर गावच्या पाटलाची भीडही सोंगाड्याला धरावी लागत नाही. तिकीट ही नुसती किंमत नव्हे. प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याची आणि कलावंताच्या निर्भयतेची ती पावती आहे.

तेव्हा चांदवडसारख्या गावाने काय करावे? मोठे नाट्यगृह बांधून द्या, अशी मागणी शासनाकडे करणे सोपे आहे आणि ती वर्षानुवर्षे करता येते. परंतु बंद पडलेल्या नाट्यगृहांची देखभाल हे अनेक नगरपालिकांचे दुखणे आहे, हे विसरून चालणार नाही. त्यापेक्षा जे हाताशी आहे त्याचा उपयोग आधी करावा. महाविद्यालयांची आणि शाळांची सभागृहे संध्याकाळी रिकामी असतात. वर्षातून चार एकपात्री प्रयोग, माफक तिकीट लावून, त्या सभागृहांत का होऊ नयेत? पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यप्रवेशावर २०१८ पासून वस्तू व सेवा कर लागत नाही. माफक दराच्या तिकिटाला करआकारणीची अडचणही त्यामुळे नाही. समजा, अडीचशे शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी वर्षाच्या आरंभीच चार तिकिटांचे पैसे भरले, तर येणाऱ्या कलावंताला मानधनाची हमी मिळेल आणि गावाला कोणाच्या वाढदिवसाची वाट पाहावी लागणार नाही. विद्यार्थ्याला निम्मे दर असावेत. पण फुकट नको. दहा रुपये देऊन बसलेला मुलगा फुकट बसलेल्या मुलापेक्षा अधिक लक्ष देऊन पाहतो, आणि आवडले नाही तर तसे म्हणण्याचा हक्कही त्याला मिळतो.

या चारांपैकी एक प्रयोग गावातल्याच माणसाचा असावा. कांद्याच्या लिलावात बोलणारा शेतकरी, एस. टी. चा वाहक, नवरात्रात रेणुकेच्या डोंगरावर चढताना पायऱ्या मोजणारी म्हातारी, तहसील कचेरीच्या दारात अर्ज लिहून देणारा गृहस्थ, ही माणसे आजही चांदवडला रोज दिसतात आणि रोज बोलतात. त्यांच्याकडे देशपांडे यांच्यासारखे पाहणारा एखादा विद्यार्थी पाठच्या बाकावर बसलेला असेल. त्याला नेपथ्य लागणार नाही, बस लागणार नाही. लागेल ते एक सभागृह, आणि तिकीट काढून समोर बसलेले गाव.